बॅबिलॉन, इजिप्त आणि शकुबाईची रेघ

समिना तांबोळी बारामतीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची. एम.फिल.साठी तिनं जुन्या नकाशांचा इतिहास निवडला तेव्हा तिचे मार्गदर्शकच म्हणाले होते, "उसावर कर की काहीतरी. जुने नकाशे कोण बघतंय?" तिनं ऐकलं नाही. पुण्याला खेपा घालून, ग्रंथालयांत धूळ खाऊन तिनं प्रबंध पुरा केला, आणि नोकरीला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की मार्गदर्शक काही खोटं बोलले नव्हते. कॉलेजात तिच्या वाट्याला पर्जन्यमान आणि पीकरचना आली. स्नेहसंमेलन असो, विज्ञान मंडळ असो, ती आपणहून विचारायची, "नकाशांच्या उगमावर बोलू का?" आणि दर वेळी उत्तर यायचं, "बघू पुढच्या वर्षी."

त्यामुळे १९९६च्या फेब्रुवारीत चिलारवाडीच्या वाचनालयाचा चिटणीस जोतीराम स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, आमच्या व्याख्यानमालेत नकाशांवर बोलाल का?" तेव्हा तिला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय.

"नकाशांवर म्हणजे कशावर?"

"तुमचा इषय हाय त्यावरच. नकाशे पयल्यांदा कुणी काढले, कसे काढले. आमच्या गावाला लई गरज हाय बघा त्याची."

गावाला गरज कसली, हे तिनं तेव्हाच विचारायला हवं होतं. पण माणूस उपाशी असला की ताटात काय वाढलंय ते निरखून बघत नाही. ती हो म्हणाली. मग रिकाम्या तासांना बसून तिनं मोठ्या ड्रॉइंग पेपरवर तीन तक्ते केले. पहिला बॅबिलॉनच्या मातीच्या पाटीवरचा जगाचा नकाशा. दुसरा इजिप्तमध्ये दोरी धरून शेतं मोजणारी माणसं. तिसरा इद्रिसी नावाच्या अरब भूगोलतज्ज्ञाचा, साडेआठशे वर्षांपूर्वीचा. हा तिचा सगळ्यात लाडका. त्याच्या निळ्या समुद्रावर तिनं इतका वेळ घालवला की बोटांच्या पेरांवरचा रंग जाईना.

तिचे वडील राजमहंमद यांचं सायकलचं दुकान होतं. रविवारी दुपारी दुकान बंद करून ते तिला एम-एटी दुचाकीवरून घेऊन निघाले.

"गावाला गरज आहे म्हणाला?" भिगवण रोडला लागल्यावर त्यांनी विचारलं. "बारामतीला नाही, आणि चिलारवाडीला कशी काय?"

"अब्बा, तुम्ही समोर बघून चालवा."

कारखान्यांचा हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. एका ट्रॉलीच्या बाजूनं पुढं जाताना बाहेर आलेल्या उसानं तक्त्यांची गुंडाळी खरवडली. समिना ओरडली. राजमहंमदनी गाडी बाजूला घेतली. नशिबानं बाहेरचा तक्ता बॅबिलॉनचा होता. तो कडेला फाटला होता. इद्रिसी शाबूत होता. तिनं पदराखाली गुंडाळी घेतली आणि डाळज गाव मागं पडेपर्यंत तशीच आवळून धरली.

डाळजच्या पुढं हमरस्ता सोडून उजनी धरणाच्या पाण्याच्या अंगाला गेलं की चिलारवाडी लागते. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या घातलेल्या होत्या आणि त्या भरल्या होत्या. समिना बघतच राहिली. म्हातारे, बाया, तरणी माणसं, भिंतीला टेकून, पायऱ्यांवर, लिंबाच्या पारावर. तिच्या कॉलेजात सक्तीच्या तासालाही एवढी हजेरी नसायची. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग तिला दिसलं की जवळपास प्रत्येकाच्या हातात घडी घातलेला कागद आहे आणि फळ्यावर लिहिलंय: "नकाशाविषयी मार्गदर्शन."

"मार्गदर्शन कशाला लिहिलंत?" तिनं जोतीरामला हळूच विचारलं.

"व्याख्यान लिवलं असतं तर चार टाळकी आली असती मॅडम," जोतीराम म्हणाला आणि हार आणायला गेला.

तिनं सुरुवात केली. अडीच हजार वर्षांपूर्वीची, तळहाताएवढी मातीची पाटी. ओल्या मातीवर कुणीतरी जग काढलं. मधोमध आपलं बॅबिलॉन, त्यातून वाहणारी नदी, भोवती गोल समुद्र. त्या समुद्राला त्यांनी नाव दिलं होतं, कडू पाणी. समुद्राच्या पलीकडं त्रिकोणी मुलूख, जिथं कुणी गेलेलं नाही.

"गट नंबर कुठं हाय?" मागून आवाज आला.

"गट नंबर नाहीत. हा जगाचा नकाशा आहे."

"मंजी मोजणी हापिसातला न्हवं?"

"नाही. त्या काळी..."

"मंग सही-शिक्का कुणाचा?"

जोतीरामनं सगळ्यांना गप केलं. समिना घोटभर पाणी प्यायली आणि तिनं सांगितलं की नकाशा काढणारा माणूस नेहमी आपलं गाव मधोमध ठेवतो, कारण तो तिथं उभा असतो. हे वाक्य तिच्या प्रबंधातलं होतं आणि तिला फार आवडायचं. समोर एक म्हातारा झोपला होता. दुसऱ्यानं सात-बारा उलगडून शेजाऱ्याला दाखवायला घेतला होता.

मग तिनं इद्रिसीचा तक्ता टांगला. "हा नकाशा सिसिली बेटावरच्या राजानं करवून घेतला. इद्रिसीनं वर्षानुवर्षं प्रवाशांना, खलाशांना प्रश्न विचारले. ज्यावर सगळ्यांचं एकमत झालं तेवढंच..."

"मॅडम, उलटा लागलाय," जोतीराम उठून आला आणि त्यानं तक्ता फिरवून लावला.

"उलटा नाही. या नकाशात दक्षिण वर आहे. त्या काळी अरब लोक दक्षिण वर ठेवत." तिनं तक्ता पुन्हा फिरवला.

"दक्षिण वर कशी आसंल? वर तर उत्तर आसती."

"वर उत्तर असते हे आपण ठरवलं. जमिनीला वर-खाली नसतं."

यावर व्हरांड्यात चांगलीच कुजबूज झाली. ती पाणी प्यायला वळली तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थानं, केवळ मदत म्हणून, तक्ता परत फिरवला. दोऱ्याचं छिद्र फाटलं. समिनानं इद्रिसी भिंतीवरून काढला, गुंडाळला आणि वडिलांकडं दिला. राजमहंमदनी तो दोन्ही हातांनी धरला आणि चेहरा अगदी कोरा ठेवला.

आता तिला लवकर संपवायचं होतं. "इजिप्त," ती म्हणाली, आणि स्वतःलाच ऐकू आलं की आवाज चढलाय. "तिथं नाईल नदी. दर वर्षी नदीला पूर यायचा, शेतांवर गाळ बसायचा आणि बांध पुसले जायचे. पाणी ओसरलं की कुणाचं शेत कुठं ते कळायचं नाही. मग सरकारची माणसं दोरी घेऊन यायची, मोजायची आणि ज्याची त्याची जमीन ज्याला त्याला..."

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. झोपलेला म्हातारा जागा झाला. सात-बारावाल्यानं कागद खाली ठेवला. समिना दचकून थांबली.

बायकांच्या घोळक्यातून एक वाळकी, उंच बाई उठली. साठीची असावी. कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला.

"मंग त्यो दोरीवाला आमच्याकडं कवा येणार?"

"कोण दोरीवाला?"

"आत्ता सांगितला न्हवं का तुमी?"

ही शकुबाई. तिच्यामागून चार-पाच जण एकदम बोलायला लागले आणि समिनाला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. उजनीचं पाणी पावसाळ्यात गावाच्या शेतांवर चढतं आणि थंडी सरता सरता मागं हटतं. मागं सुटलेल्या ओल्या गाळात लोक कलिंगडं, काकडी, खरबुजं लावतात. ही गाळपेर. पण पाण्याखाली गेलेल्या जमिनीला बांध राहत नाही, खुणेचा दगड राहत नाही, आणि असल्या जमिनीची मोजणी करायला कुठल्याच कचेरीतून कुणी येत नाही. शकुबाईचा नवरा वारल्यापासून तिची पट्टी दर साल अरुंद होत होती.

"आन् कुणाची रुंद हुती त्ये बी सांग की!" पायऱ्यांवरून एक दणकट माणूस ओरडला. हा शकुबाईचा धाकटा दीर, झुंबर.

"तुजी हुती. आनखी कुणाची?"

मग जे सुरू झालं ते व्याख्यान नव्हतं. समिना फळ्यापाशी उभी राहिली, खडू हातात धरून, आणि तिच्या देखत भाऊबंदकीची तीन पिढ्यांची उजळणी झाली. तिनं जोतीरामला बाजूला ओढलं.

"तुम्ही मला यासाठी बोलावलंत?"

जोतीराम कसनुसा झाला. "तसं न्हाय मॅडम. मला वाटलं, नकाशांचं एवढं शिकलेलं माणूस हाय, तर भाषण झाल्यावर जाता जाता बघतील. दोघं बी माज्या घरला येऊन भांडत्यात. मी वाचनालय चालवू का ह्यांची मारामारी सोडवू?"

"मी मोजणीदार नाही. मी भूगोल शिकवते. जुन्या नकाशांचा इतिहास. इतिहास! कळतंय का तुम्हाला?"

"व्हय व्हय," जोतीराम म्हणाला. "पाणी जवळच हाय. चालत जाऊ."

तिनं वडिलांकडं बघितलं, ते तरी म्हणतील चल घरी. राजमहंमद म्हणाले, "उजेड आहे अजून. नाहीतरी ते तुला पुढं बोलू देणार नाहीत."

सगळं गाव निघालं. काठावर आल्यावर जमीन मऊ झाली, मग चिकट झाली, मग समिनाची चप्पल गाळात रुतून बसली आणि चपलेचा अंगठा तुटला. ती अनवाणी पुढं गेली. समोर काळाभोर, तडकलेला गाळ पाण्यापर्यंत उतरत गेला होता. दूर उथळ पाण्यात बगळे उभे होते. पलीकडच्या तीरावर एका देवळाचा कळस उन्हात चमकत होता. कुठंच कसली खूण नव्हती.

"दोरी द्या," ती म्हणाली.

कुणीतरी बैलाचा कासरा आणून दिला. तिनं तणतणत त्याला सारख्या अंतरावर गाठी मारल्या. तीन, चार, पाच अशा बाजूंचा त्रिकोण ताणला की काटकोन मिळतो, आणि इजिप्तमधले लोक असंच करत असं म्हणतात, जरी त्याला पक्का पुरावा नाही, असं ती सांगत होती. पुरावा नाही हे सांगायची काही गरज नव्हती, पण ती प्रबंधाची सवय होती. एका टोकाला जोतीराम, एका टोकाला राजमहंमद, मध्ये ती. दोरी ताणली. काटकोन आला, आणि सुरेख आला. सगळे वाकून बघू लागले.

"आला का?" झुंबरनं विचारलं.

"आला."

"मंग? आमची पट्टी कुठं काटकोनात हाय? ती तर तिरकी जाती."

समिनानं दोरी खाली टाकली. तिचं डोकं ठणकत होतं. "तिरकी म्हणजे कुठून कुठं?"

"थोरल्या आबांनी, मंजी आमच्या सासऱ्यांनी, वाटणी केली तवा ते हितं हुबं ऱ्हायलं," शकुबाई म्हणाली. "आन् म्हनलं, उजव्या अंगाची थोरल्याची, डाव्या अंगाची धाकल्याची."

"उजव्या अंगाची म्हणजे कुणाच्या? ते गावाकडं तोंड करून होते की पाण्याकडं?" समिनाच्या अंगात एकदम उत्साह आला. हेच ते! एकच जमीन, दोन दिशांनी बघितलेली. "बघा, तोंड फिरवलं की उजवं डावं होतं. म्हणजे तुमचं दोघांचंही बरोबर असू शकतं. घोळ सगळा एवढाच आहे!"

तिनं अपेक्षेनं दोघांकडं बघितलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"त्ये आमाला ठावं हाय," झुंबर म्हणाला.

"ठाऊक आहे?"

"बारा-पंधरा वर्सं झाली त्येच तर भांडतुया. मी म्हंतो, आबांचं त्वांड पाण्याकडं हुतं. वैनी म्हंती गावाकडं."

समिनाला हसावं की रडावं कळेना. तिनं तोंड फिरवलं आणि पाण्याकडं बघत उभी राहिली. मागं पुन्हा सुरू झालं होतं, आबांचं तोंड, आबांचा फेटा, ऊन कुणीकडून येत होतं. आणि मग तिचा तोल सुटला.

"बास!" ती इतक्या जोरात ओरडली की बगळे उडाले. "एकदम बास! मेलेल्या माणसाचं तोंड कुठं होतं ते मी सांगू? मला इथं बोलायला बोलावलं, बोलू दिलं नाही. माझा नकाशा फाडला. चप्पल गेली. आणि तुम्हाला भांडण मिटवायचंच नाहीये. तुम्हाला ते दर वर्षी नव्यानं करायचंय!"

राजमहंमदनी खाली बघितलं. समिना धापा टाकत होती आणि तिला आता लाज वाटायला लागली होती.

शकुबाई तिच्यासमोर आली. रागावली नव्हती. "बाई, मला न्हाय करायचं भांडण," ती म्हणाली. "मला कुठली बी पट्टी द्या. ही द्या, ती द्या. मला रेघ पायजे. पाणी उतरलं की हितं यायचं, ह्याच्या तोंडाला लागायचं, समद्या गावानं बघायचं. धनी हुता तवर त्यो बोलायचा. आता मीच बोलती. घसा बसतो माजा. औंदा तर वाटलं, जाऊ दे, पेरायचंच न्हाय."

ती हे सगळं साध्या आवाजात बोलली, चुलीवरच्या दुधाबद्दल बोलावं तसं. समिनानं तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जो वैताग होता तो समिनाच्या ओळखीचा होता. आपलं म्हणणं सांगून सांगून थकलेल्या बाईचा.

"झुंबरतात्या," समिना वळली. "रेघ पक्की झाली तर ती मानाल?"

झुंबरनं मान खाजवली. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. "पट्ट्या सारख्याच हायत्या म्हणा. पण पक्की कशी हुनार? पाणी आलं की समदं जातं."

"पाण्याखाली जात नाही असं इथं काय आहे?"

यावरही मतभेद झालेच. कुणी म्हणालं बाभळ, तर ती परवाच तोडली होती. कुणी म्हणालं जोतीरामच्या मळ्यातली विहीर, तर ती इथून दिसत नव्हती. शेवटी काठाच्या उंचवट्यावरचा जुन्या बुरुजाचा चौथरा ठरला. त्याला आजवर पाणी लागलं नव्हतं. पण एका खुणेनं रेघ होत नाही. समिनानं डोळ्यांवर हात धरून पलीकडं बघितलं.

"ते देऊळ बुडतं?"

"देवाच्या दयेनं अजून न्हाय."

तिनं चौथऱ्याच्या कोपऱ्यावर जोतीरामला उभं केलं आणि स्वतः गाळात उतरली. जोतीरामनं एक डोळा मिटून कळसाकडं बघायचं आणि तिच्या हातातली काठी त्या रांगेत येईपर्यंत ओरडून सांगायचं. जोतीराम आधी चुकीचा डोळा मिटायचा. मग तिला डावीकडं सरका म्हणायचा आणि स्वतःचं डावं सांगायचा. "माझं डावं की तुमचं?" ती गाळातून ओरडायची. दोन काठ्या रोवल्यावर मात्र तिसरी आपोआप बसली. चौथरा, काठ्या, कळस, सगळं एका ओळीत, आणि दोन्ही अंगांना जमीन सारखीच पडत होती. झुंबर स्वतः चौथऱ्यावर चढला आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला. खाली उतरून म्हणाला, "सरळ हाय."

आता हे कागदावर हवं होतं, म्हणजे पुढच्या साली कुणाला काही वेगळंच आठवायला नको. कागद कुणाकडंच नव्हता. सगळ्यांचे सात-बारा होते, पण ते द्यायला कुणी तयार नव्हतं. समिनानं वडिलांनी सोबत आणलेल्या गुंडाळीतून फाटलेला बॅबिलॉन काढला, उलटा अंथरला आणि मागं नकाशा काढायला बसली. वर उत्तर, खाली दक्षिण.

"पाणी वर घ्या," झुंबर तिच्या खांद्यावरून म्हणाला.

"पाणी उजवीकडं येतं तात्या. वर उत्तर असते."

"मगाशी तर म्हनलासा, वर काय आसावं त्ये आपुन ठरवायचं."

समिनानं पेन्सिल धरलेला हात थांबवला. व्हरांड्यातल्या सगळ्या गर्दीत तेवढं एक वाक्य एका माणसानं ऐकलं होतं, आणि तो झुंबर होता. तिनं मुकाट्यानं कागद फिरवला आणि पाणी वर घेतलं. मधोमध रेघ काढली. झुंबरनं मागितलं ते अंग त्याला, दुसरं शकुबाईला. जोतीरामला वाचनालयाचा शिक्का आठवला आणि तो आणायला पळाला, कारण शिक्क्याशिवाय चिलारवाडीत कुणाचा विश्वास बसला नसता.

परत निघताना शकुबाईनं आपल्या चपला समिनासमोर ठेवल्या. त्या तिला मोठ्या होत होत्या. समिना नको म्हणाली, पण त्या बाईशी वाद घालायची ताकद तिच्यात उरली नव्हती. एम-एटीवर मागं बसल्यावर राजमहंमद म्हणाले, "भाषण अर्धंच झालं."

"अर्धं? पाव सुद्धा नाही झालं अब्बा."

एप्रिलच्या शेवटाला, परीक्षांच्या धामधुमीत, शकुबाई कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आली. डोक्यावर पाटी, पाटीत दोन मोठी कलिंगडं. तिनं ती पर्यवेक्षणाच्या वेळापत्रकावरच ठेवली.

"तुमच्या रेघेवरची हायती. खाऊन बघा."

"टिकली का रेघ?"

"टिकली की. त्यो झुंबर रोज उठून चौथऱ्यावर चढतो आन् डोळा मिटून बघतो, मी सरकली का काय म्हून." शकुबाई खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खालीच बसली. "बाई, एक काम हुतं. ह्या अंगाची रेघ झाली. पण त्या अंगाला माजा चुलत पुतण्या हाय. त्यानं आता सरकायला सुरवात केलीया."

समिनानं कपाळाला हात लावला. आजूबाजूचे प्राध्यापक कान देऊन ऐकत होते. "शकुबाई, मी भूगोल शिकवते. मोजणी माझं काम नाही. किती वेळा सांगू?"

"ठावं हाय मला. म्हून तर इचारायला आले," शकुबाई म्हणाली. "तुमचं भाषण ऱ्हायलंय न्हवं? त्या आरबाचं काय झालं, त्ये तुमी सांगितलंच न्हाय. या ऐतवारी या. मी समद्यांना गप बसवते. कोन बोलतंय बघतेच."

समिनानं कलिंगडं उचलून वेळापत्रक मोकळं केलं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर पडले होते. रविवारी तिला ते तपासायचे होते.

"आधी भाषण," ती शेवटी म्हणाली, आणि आवाज शक्य तेवढा कडक ठेवला. "पूर्ण. शेवटपर्यंत. मग दोरी."

"व्हय व्हय," शकुबाई उठत म्हणाली. "पर जरा बिगीनं आटपा. लई ऊन व्हतं गाळात."